जुन्या पिकअपचं ॲव्हरेज पडलंय? पंप-नोझल खोलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१२ ची बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं डीआय टर्बो इंजिन, इंजिनात डिझेल ढकलणारा मेकॅनिकल पंप, मीटर पावणेतीन लाखांच्या पुढे. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने वाशी मार्केटला रात्रीच्या फेऱ्या. पूर्वी लिटरला १३ च्या आसपास ॲव्हरेज मिळायचं, आता १० वर आलंय. काळा धूर विशेष नाही. ओढ थोडी कमी वाटते. तापमानाचा काटा कधी वर चढत नाही, म्हणजे इंजिन गार चालतंय, असं तुम्ही समाधानाने लिहिलंय. दिवाळीच्या सुमारास २१५/७५ चे टायर काढून ७.०० चे टाकले आणि त्याच वेळी मागचे ब्रेक लायनर नवे बसवले. गॅरेजवाला म्हणतो तो पंप आणि डिझेल फवारणारे नोझल काढून कॅलिब्रेशन करू, म्हणजे त्यातून सुटणारं डिझेल मोजून लावू, आणि तरीही जमलं नाही तर इंजिन खोलू. करावं का?

आत्ता लगेच नको. तुमच्या गॅरेजवाल्याचा अंदाज शेवटी बरोबरही निघू शकेल, मी गाडी पाहिलेली नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात तीन गोष्टी अशा आहेत की त्या तपासल्याशिवाय पंपाला पाना लावणं म्हणजे पैसे आधी घालवून कारण नंतर शोधणं. टायर, ब्रेक आणि तो कधीच वर न चढणारा तापमानाचा काटा. या तिन्ही गोष्टी इंजिन न खोलता, तुमच्या अंगणात तपासता येतात.

आधी विचार कसा करायचा ते सांगतो, कारण पुढच्या वेळी दुसरीच लक्षणं असतील तेव्हा हाच विचार कामाला येईल. टाकीतलं डिझेल तीनच वाटांनी जास्त जाऊ शकतं. एक, ते इंजिनापर्यंत पोचतच नाही, वाटेत गळतं किंवा टाकीतून जातं. दोन, इंजिनात पोचतं पण नीट जळत नाही. तीन, नीट जळतं, ताकदही तयार होते, पण ती ताकद गाडी पुढे नेण्याऐवजी दुसरीकडेच खर्च होते. घासणारा ब्रेक, कमी हवेचा टायर, घसरणारा क्लच, वाढलेलं वजन, वाढलेला वेग हे सगळं तिसऱ्या वाटेतलं. पंप, नोझल, टर्बो (इंजिनात जास्त हवा भरणारा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) ही दुसरी वाट. आता दुसऱ्या वाटेत बिघाड असला तर डिझेल इंजिन सहसा ते लपवत नाही. काळा धूर येतो, सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर आणि खडखड येते, डोळ्यांना झोंबणारा वास येतो. ॲव्हरेज लिटरला तीन किलोमीटरने पडलंय आणि धूर जवळपास नाही, अशी गाडी माझ्याकडे आली की मी बॉनेट उघडायच्या आधी गाडी जॅकवर घेतो. याला अपवाद आहेत. पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, थोडं मागे पडलं असेल किंवा इंजिन गार चालत असेल तर फारसा धूर न दिसताही डिझेल जास्त जातं. त्यांच्याकडे पुढे येतोच.

पण त्याहून आधी, १० हा आकडा कसा काढलाय? डिझेलचा काटा पाहून किंवा ‘हजाराचं टाकलं, इतकं चाललं’ अशा हिशोबाने काढलेलं ॲव्हरेज मी धरत नाही. टाकी फुल करा, पेट्रोल पंपावरचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, वरून गळ्यापर्यंत भरू नका. पुढची फेरी झाली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशिनवर, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा तसंच भरा. अशा तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. एकाच टाकीवर विश्वास ठेवू नका, कारण भरताना टाकीत फेस आणि हवा कमी-जास्त राहते. पंपावरच्या मापाचा संशय असेल तर तिथे पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून तुमच्यासमोर मोजून घेता येतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे मापात खोट असली तरी नियमात बसणाऱ्या पंपावर ती अर्ध्या टक्क्याच्या आत असते आणि तुमचे तीन किलोमीटर तिथे सापडणार नाहीत.

आता टायर. तुमच्या गाडीचं मीटर गिअरबॉक्सच्या मागून चालतं. ते चाकाचे फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर येतो. ७.०० च्या १५ इंची टायरचा व्यास ७५० च्या आसपास. म्हणजे एका फेऱ्यात गाडी आता सहा-साडेसहा टक्के जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. तुम्हाला १० दिसत असेल तर खरं ॲव्हरेज १०.६ च्या आसपास आहे. फोनवर जीपीएस लावून नारायणगाव ते आळेफाटा आणि पुढे घाटाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा, मीटरशी ताडून पाहा. किती टक्के फरक पडतो तो एकदा लिहून ठेवला की पुढचा प्रत्येक हिशोब त्याने दुरुस्त करायचा.

हा नुसता कागदावरचा फरक नाही. टायर मोठा झाला की सगळे गिअर लांब होतात. घाटात जिथे तिसऱ्यात चढायची तिथे गाडी जड वाटते, पाय जास्त दाबला जातो. ओढ कमी झाल्यासारखी वाटते त्यातला काही भाग हाच असणार. शिवाय मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६४ ने चाललेली असते. आणि ७.०० चे टायर नायलॉनचे घेतले असतील, रेडियल नसतील, तर ते मुळातच जड चालतात. नायलॉन टायर दगडाधोंड्याच्या रस्त्याला, खाणीच्या कामाला चांगला, कडेने लवकर फाटत नाही. पण डांबरी रस्त्यावर रोज दीडशे किलोमीटर जायचं असेल तर रेडियलच हवा. टायर आत्ताच बदला असं म्हणत नाही, झिजवून संपवा. पुढचा जोड घेताना मूळ मापाचा रेडियल घ्या.

हवा मात्र आजच पाहा. टायरवाले अंदाजाने सगळ्या चाकांत सारखी हवा भरतात. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगळी असते, आणि भरलेल्या गाडीची वेगळी. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकात कंपनीने दिलेले आकडे असतात, पण ते मूळ मापाच्या टायरसाठी. टायरचं माप बदललं तर तो आकडाही बदलतो, तेव्हा नव्या टायरच्या कंपनीचा वजनानुसार तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्या. हवा टायर गार असताना, निघायच्या आधी मोजायची. वाशीला पोचल्यावर मोजली तर ती तापून वाढलेली असते आणि तुम्ही उगीच कमी करून बसाल.

यानंतर ब्रेक. माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे, कारण नवे लायनर बसवल्यानंतर ॲव्हरेज पडलेल्या गाड्या मी खूप पाहिल्यात. लायनर नवा जाड असतो, ड्रमला आत झिजून काठ आलेला असतो, आणि बसवणारा ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधली फट ठरवणारा) जरा जास्तच आवळतो, म्हणजे पायाला ब्रेक वर लागावा आणि गिऱ्हाईक खूश व्हावं. लायनर घासून जागा करून घेतील असं सांगितलं जातं. थोडे दिवस ते खरंही असतं. महिने उलटल्यावरही चाक जड फिरत असेल तर मात्र ते खरं नाही.

तपासायचं असं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी गाडी आपोआप हळू होऊ द्या आणि थांबवा. लगेच उतरून चारही चाकांच्या मधोमध हाताची मागची बाजू जवळ न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर ते चाक घासतंय. लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड मीटर हल्ली हजार रुपयांच्या आसपास मिळतं. गाडीवर पोट असलेल्या प्रत्येकाने ते घ्यावं असं माझं मत आहे, कारण ब्रेक, बेअरिंग, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) हे सगळं त्याने कळतं. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत पंधरा-वीस अंशांचा फरक दिसला तर ते चाक खोलायचंच.

मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडण लावा. हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. मागचं चाक फिरवताना प्रॉपेलर शाफ्टचं वजनही हाताला लागतं, त्यामुळे ते पुढच्याइतकं हलकं फिरणार नाही, हे लक्षात ठेवा. पण फेऱ्यात एकाच जागी अडकत असेल किंवा सतत घसघस आवाज येत असेल तर लायनर लागतोय. आता कोणाला तरी ब्रेक जोरात दाबून सोडायला सांगा आणि लगेच चाक फिरवा. दाबण्याआधी मोकळं होतं आणि सोडल्यावर जाम राहिलं, तर त्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकची हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित ढिला करा. दोन थेंब ऑइल पडून चाक सुटलं, तर दोष दाबाचा आहे. एक तर रबरी ब्रेक होज आतून फुगून बंद होतोय, बारा-तेरा वर्षांच्या गाडीत हे नेहमीचं आहे, किंवा पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधून ऑइल परत येत नाही. निपल ढिला करूनही चाक जामच राहिलं, तर दोष त्या चाकातच आहे: व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजलाय, पुढे असेल तर कॅलिपरच्या पिना सुकल्यात, मागे असेल तर हँडब्रेकची केबल आत अडकलीय. या एका चाचणीने अर्धा दिवस वाचतो आणि नको ते पार्ट बदलावे लागत नाहीत. काम झालं की निपल आवळून ब्रेकची हवा काढायला आणि ऑइलची पातळी पाहायला विसरू नका.

जॅकवर आहेच तर पुढच्या हबची बेअरिंगही पाहून घ्या. हब ग्रीस करून झाल्यावर नट अंगातला जोर लावून आवळण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. टेपर बेअरिंगला तसं चालत नाही. आवळून, चाक फिरवून बसवून, मग पुस्तकात सांगितलंय तितका नट मागे घ्यायचा असतो. जास्त आवळलेलं बेअरिंग गाडी ओढून धरतं आणि एक दिवस घाटातच जळतं.

आता तापमानाचा काटा. इंजिन गार चालतं हे तुम्ही चांगलं लक्षण म्हणून लिहिलंय, आणि आपल्याकडे बहुतेक जण तसंच मानतात. डिझेल इंजिनासाठी ते चांगलं लक्षण नाही. कूलंट ८० अंशांच्या पुढे गेल्यावरच हे इंजिन कंपनीला अपेक्षित तसं चालतं. ५०-६० वर राहिलं तर सिलिंडरच्या भिंती थंड राहतात, जळण उशिरा पेट घेतं, ऑइल घट्ट राहून सगळे फिरणारे भाग जड होतात. डिझेल जास्त लागतं आणि वर सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगाही लवकर झिजतात. तुमच्या फेऱ्या रात्रीच्या, त्यात जुन्नर-ओतूरकडची थंडी आणि समोरून सतत वारा. थर्मोस्टॅट नसेल तर अशा रात्री घाटमाथ्यापर्यंत इंजिन तापतच नसणार.

थर्मोस्टॅट नसेल असं म्हणतोय, कारण जुन्या पिकअपमध्ये तो काढून टाकलेला मला वारंवार सापडतो. कधीतरी घाटात गाडी तापलेली असते. खरं कारण रेडिएटर असतो, बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घालून त्याच्या नळ्या बुजलेल्या असतात. रेडिएटर साफ करणं खर्चाचं आणि वेळेचं काम, थर्मोस्टॅट काढणं दहा मिनिटांचं. गाडी तापायची थांबते, सगळे खूश, आणि त्या दिवसापासून डिझेल जास्त जायला लागतं. मालक बदलला असेल तर हे नव्या मालकाला माहीतही नसतं. तुम्ही गाडी पहिल्या हातातून घेतलीय की जुनी, हे लिहिलेलं नाही, म्हणून हा मुद्दा इतका ताणतोय.

पाहायचं सोपं आहे. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरला वरून जाणारा जाड होज हाताने चाचपत राहा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर इंजिन बरंच तापेपर्यंत तो होज थंडच राहतो, आणि मग अचानक गरम होतो. चालू केल्यापासून होज हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. ते इन्फ्रारेड मीटर असेल तर अर्धा तास चालवून थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान मोजा. काटाच बिघडलेला असू शकतो, त्यामुळे ही मोजणी महत्त्वाची. थर्मोस्टॅट बाहेर काढलात तर भांड्यात पाणी तापवून, थर्मामीटर ठेवून तो किती अंशांना उघडतो ते पाहता येतं. उघडण्याचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं. नवा थर्मोस्टॅट या सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त भाग आहे. पण तो बसवण्याआधी रेडिएटर साफ असल्याची खात्री करा आणि पाण्याऐवजी कूलंट घाला, नाहीतर पहिल्याच घाटात गाडी तापेल आणि तो पुन्हा काढला जाईल.

पंख्याकडेही एक नजर टाका. व्हिस्कस कपलिंगचा (गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरणारा) पंखा जाम होऊन कायम पूर्ण वेगाने फिरत असेल तर तो इंजिनही गार ठेवतो आणि ताकदही खातो. गाडी गरम झाल्यावरही वेग वाढवला की विमानासारखी घरघर सतत येत राहिली तर संशय घ्या.

क्लचबद्दल थोडक्यात. भरलेल्या गाडीत चौथ्या गिअरला, ताशी ४० वर असताना सपाट किंवा हलक्या चढावर पाय पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही तर क्लच घसरतोय. ओढ कमी आणि ॲव्हरेज कमी, धूर नाही, या वर्णनात क्लचही अगदी चपखल बसतो, म्हणून ही चाचणी सोडू नका.

एवढं सगळं मोकळं निघालं तर मग परिस्थितीचा भाग येतो, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. दिवाळीनंतर फेरीत काय बदललं? मी परतीच्या मालाबद्दल विचारतोय. तुमचा रस्ता असा आहे की जड गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते, ही या धंद्यातली चांगली गोष्ट आहे. माळशेजमध्ये साधारण सहाशे मीटरची उंची चढावी लागते. रिकामी पिकअप सोळाशे किलोच्या आसपास धरली आणि इंजिन डिझेलमधल्या शक्तीचा तीस टक्के भाग चाकापर्यंत पोचवतं असं मानलं, तर फक्त ती उंची चढायला पाऊण ते एक लिटर डिझेल लागतं. परतीला एक टन खत किंवा किराणा आणलात तर त्याच चढाला आणखी अर्धा लिटर वाढला, आणि बाकीच्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरला त्या वजनाचा जो खर्च आहे तो वेगळा. भाडं मिळतं तर माल आणायलाच हवा, मी नको म्हणत नाही. पण मग पूर्वीच्या १३ शी तुलना करता येणार नाही. क्रेटच्या संख्येचंही तेच. एकदा वजनकाट्यावर भरलेली गाडी चढवा, पावती जपून ठेवा.

मार्केटच्या गेटबाहेर रांगेत इंजिन चालू राहत असेल तर तासाला अर्धा-पाऊण लिटर तिथे जातो. वेगाचाही हिशोब करा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोनपटीहून थोडा जास्त होतो, आणि क्रेटचा उंच थर, त्यावर फडफडणारी ताडपत्री ही हवेला भिंतच असते. ताडपत्री ताणून बांधा. चालक बदलला असेल तर हा मुद्दा सगळ्यात वरचा. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचतं, असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना पंपाचा गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलिंगसाठी डिझेल लागतंच. बचत तर नाहीच, उलट भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होतात. माळशेजसारख्या घाटात हे जिवावर बेतणारं आहे. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट, कारण ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूमच बंद होतो.

पहिली वाट, गळती, तीही एका पहाटे उरकून घ्या. गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथे खाली कोरडा पुठ्ठा ठेवून पाहा. पंपाजवळचे बॅन्जो बोल्ट (डिझेलच्या नळ्या जोडणारे पोकळ बोल्ट), त्यांचे तांब्याचे वायसर, नोझलवरून परत येणाऱ्या बारीक नळ्या, टाकीचं झाकण हेही पाहा. इंजिन चालू असताना सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला शंभर-दीडशे मिलिलिटर होतं, रात्रभराच्या फेरीत एक लिटरच्या आसपास. आणि इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, वास डिझेलचा येत असेल, तर पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. तसं दिसलं तर फेऱ्या थांबवा, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का हेही पाहा, विशेषतः गाडी मार्केटबाहेर रात्री उभी राहत असेल तर. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणारं काही टाकत असाल तर तेही बंद करा, त्यात काय असतं याचा भरवसा नाही आणि पंपाचं नुकसान ठरलेलं.

आता इंजिनाच्या बाजूला या. इथेही पंपाच्या आधी हवेचा मार्ग. डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसतो, त्यामुळे एअर फिल्टर थोडासा मळला म्हणून ॲव्हरेज पडत नाही. तो इतका बुजावा लागतो की भरल्या गाडीत काळा धूर यावा. तुमच्याकडे धूर नाही, म्हणजे फिल्टर फार वाईट नसावा. तरी कागदाचा फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोराच्या हवेने मारू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोत जाते. आतून बाहेर, हलक्या हवेने झटका, नाहीतर बदला. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या होजवर साबणाचं पाणी लावून, दुसऱ्या माणसाला इंजिनाचा वेग वाढवायला सांगून बुडबुडे पाहा. होजच्या क्लिपाजवळ ऑइलने भिजलेली धूळ दिसली तर तिथे दाब गळतोय. डिझेल फिल्टर बुजला तर ओढ कमी होते, पण डिझेल वाया जात नाही. तो वेळेवर बदलायचा तो पंप वाचवण्यासाठी.

या सगळ्यानंतरही खरं, टायरचा फरक धरून दुरुस्त केलेलं ॲव्हरेज ११ च्या खाली राहिलं, तर मग पंप-नोझलचं नाव काढा. वजन भरून, घाटासह, या गाड्या ११ ते १३ देताना मी पाहतो. पावणेतीन लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाकडून नव्या गाडीचा आकडा मागू नये, पण १० हा काही म्हातारपणाचा आकडा नाही. पैशात सांगायचं तर सव्वातीनशे किलोमीटरच्या जाण्यायेण्याला १३ च्या हिशोबाने २५ लिटर लागतात, १० च्या हिशोबाने साडेबत्तीस. नव्वद रुपयांच्या आसपास दर धरला तर फेरीमागे पावणेसातशे रुपये. टोमॅटोचा दर तुमच्या हातात नसतो, काही दिवस क्रेटमागे भाडंही सुटत नाही. म्हणून या रकमेमागे लागणं मला गरजेचं वाटतं, आणि म्हणूनच चुकीच्या जागी वीस-पंचवीस हजार घालवू नका असंही कळकळीने सांगतो.

नोझल आधी, पंप नंतर. नोझल काढून टेस्टरवर लावले की उघडण्याचा दाब आणि फवारा दोन्ही दिसतात. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, दाब सोडल्यावर टोकाला थेंब लोंबता कामा नये. ही तपासणी स्वतः समोर उभं राहून पाहा, चारही नोझलचे आकडे लिहून घ्या. फक्त एकच खराब निघाला तरी चारही सारख्या दाबावर लावून घ्या, नाहीतर इंजिन हलत राहील. परत बसवताना जुना तांब्याचा वायसर आत चिकटून राहिलेला असतो, त्याच्यावर नवा बसवला की नोझलचं टोक वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या खड्ड्यात जिथे पडायला हवा तिथे पडत नाही. जुना वायसर निघाला का, हे मिस्त्रीला विचारा, आणि बाहेर काढलेले चार वायसर मोजून घ्या.

पंप काढण्याआधी त्याचं टायमिंग डायल गेजने मोजायला सांगा. पंप जागेवर थोडा सरकलेला असेल तर नुसत्या सेटिंगने काम होतं, कॅलिब्रेशनची गरजच पडत नाही. टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) त्याच वेळी सेट करून घ्या. कॉम्प्रेशन तपासा, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ असतील तर इंजिन खोलायचं कारण नाही. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर काढलं असता वाफेचा जोराचा झोत आला आणि ऑइलही कमी होत असेल, तर मात्र रिंगांचा विचार करावा लागेल.

आणि पंप टेस्ट बेंचवर गेलाच, तर त्याला कंपनीच्या आकड्यांवरच लावायला सांगा. ओढ कमी आहे अशी तक्रार ऐकली की काही ठिकाणी न विचारता डिझेलचा स्क्रू वाढवून देतात. गाडी पळते, मालक खूश होतो, आणि पुढच्या टाकीला ॲव्हरेज आणखी खाली येतं. बेंचवर किती फेऱ्यांना किती डिझेल सुटतं याचा तक्ता निघतो, तो काम करण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही मागून घ्या, आणि स्क्रूवर सील लावून घ्या. ब्रेक, थर्मोस्टॅट आणि क्लचच्या चाचण्या झाल्या की त्यांचे निकाल, जीपीएसने काढलेला मीटरचा फरक आणि भरलेल्या गाडीच्या वजनाची पावती इथेच लिहा. तोवर इंजिन खोलायला हो म्हणू नका.